काकांच्या शेजारची सीट

परवा माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. अर्ध्या तासानं हातात टॅब घेतलेला एक मुलगा आला आणि म्हणाला, "सर, पुढचा डावा कॅलिपर जाम आहे. बदलावा लागेल."

मी विचारलं, "उघडून बघितलात?"

"उघडत नाही सर आम्ही. जुना काढतो, नवा लावतो."

हे वाक्य आमच्या काकांच्या कानावर पडलं असतं, तर त्या मुलाची सुटका दोन तासांआधी झाली नसती. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हल्ली ताईकडे असतात. ताई म्हणजे त्यांची मुलगी. तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट थांबताना बारीकसा हिसका बसतो याबद्दल काकांनी सोसायटीला आजवर तीन पत्रं लिहिली आहेत. सेक्रेटरी त्यांना पाहिलं की जिन्यानं जातो.

काका आयुष्यभर फक्त ब्रेकचं काम करत आले. कोणी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "इंजिनचाही थोडा आवाज येतोय, बघता का?" तर काका म्हणत, "चालतेय ना? मग ते पलीकडच्याला दाखवा. थांबत नसेल तर माझ्याकडे या." हॉर्न दुरुस्त करायचा कोणी विषय काढला, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. ब्रेक नीट असलेल्या माणसाला हॉर्न लागतोच कशाला, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा गाळा पाच गाळ्यांच्या ओळीतला शेवटचा. वर पत्रा, आत एकाच गाडीपुरती जागा, आणि मागे एक भलं मोठं लाकडी टेबल. हे टेबल भिंतीला टेकवलेलं नव्हतं, मोकळं उभं होतं. त्यामुळे ये-जा करताना प्रत्येकाच्या कमरेला त्याचा कोपरा एकदा तरी लागायचा. "भिंतीला टेकवलं की टेबल अर्धंच उरतं," असं काका म्हणायचे. चारही बाजूंनी फिरून काम करता आलं पाहिजे. टेबलावर जुनी सुती चादर अंथरलेली, तिच्यावर पाने उंचीप्रमाणे लावलेले. घरात काकांना स्वतःचा चष्मा सापडत नसे, पण इथे दहाचा पाना ते डोळे मिटून उचलत.

कॅलिपर म्हणजे काय, हे कोणी विचारलं की काका समोरच्याचा कान पकडत. अगदी खरोखर. "ही तुमची पाळी म्हणजे डिस्क. चाकाबरोबर फिरते. माझं हे बोट आणि हा अंगठा म्हणजे दोन पॅड. आणि दोघांना दाबणारी ही मूठ, ती कॅलिपर. पायानं पॅडल दाबलं की तेल मागून रेटा देतं, आणि मूठ आवळते." मग ते मूठ आवळत. मी त्यांचा सख्खा पुतण्या, त्यामुळे नातेवाइकांत सर्वांत जास्त वेळा डिस्क झालेला कान माझा आहे.

पण त्या गाळ्याची खरी गंमत काकू होती.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात काकूनं काकांना विचारलं होतं, "तुम्ही केलेल्या ब्रेकवर तुमचा भरवसा आहे का?" काका म्हणाले, "म्हणजे काय!" काकू म्हणाली, "मग मला शेजारी बसवून गाडी उतारावर न्या." तेव्हापासून तो नियमच झाला. कोणाचीही गाडी असो, ब्रेकचं काम झालं की पहिली फेरी काकांनी मारायची आणि शेजारच्या सीटवर काकूनं बसायचं. गाळ्यांच्या मागून एक रस्ता उतरत उतरत लाकडाच्या वखारीच्या फाटकापर्यंत जायचा. काकू बसली की आधी चपला काढायची आणि दोन्ही तळवे गाडीच्या फरशीला टेकवायची. काका वखारीच्या अलीकडे ब्रेक दाबायचे. गाडी थांबली की काकू एकच शब्द बोलायची: "सरळ." किंवा, "डावीकडे ओढतेय." डावीकडे ओढतेय म्हटलं की गाडी परत जॅकवर. काका कधी वाद घालायचे नाहीत. घरात भाजीला मीठ जास्त झालं का, यावर तासभर वाद घालणारा माणूस, उतारावर मात्र बायकोच्या तळव्यांपुढे गप्प.

ओळीतले लोक काकूला इन्स्पेक्टर म्हणायचे. समोरचा सीटकव्हरवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, "थांबा की पाच मिनिटं, इन्स्पेक्टरबाईंची आमटी उकळतेय. ती झाली की तुमची गाडी पास."

असं पस्तीस वर्षं चाललं. मग काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिवाळ्यात बोटं आखडायला लागली, आणि ताईनं फोनवरून मोहीम उघडली. बाबा, आता पुरे. बाबा, आमच्याकडे या. बाबा, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होईल एखाद्या दिवशी. हे शेवटचं वाक्य काकांना लागलं. ते म्हणाले, "ज्या दिवशी तुझी आई माझ्या शेजारून उठून गाडीतून उतरेल, त्या दिवशी मी शटर ओढतो. मग पुन्हा नाही उघडत. झालं समाधान?" ताईचं समाधान झालं नाही, पण तिनं हे वाक्य लक्षात ठेवलं. वाक्यं लक्षात ठेवणं हा आमच्या घराण्याचा आजार आहे.

त्यानंतर महिन्याभरानं मी आठ दिवसांच्या रजेवर काकांकडे गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट.

सकाळी वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपालबाई आपली गाडी घेऊन आल्या. बावीस वर्षांची पांढरी गाडी, मागच्या काचेवर पुस्तकांच्या आठवड्याचं फिकट झालेलं स्टिकर. बाई म्हणाल्या, "ब्रेक दाबला की ही उजवीकडे जाते. आणि उजव्या चाकाला जळका वास येतो. मुलगा म्हणतो विकून टाक. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारते, मग त्याला गप्प करते."

काकांनी चाक काढलं आणि मला बोलावलं. "बघ हे." आतल्या बाजूचा पॅड पार पत्र्यापर्यंत झिजला होता, बाहेरचा जवळजवळ नवा. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या गंजून घट्ट बसल्या होत्या. त्यामुळे मूठ नीट आवळत नव्हती आणि एकदा आवळली की सुटतही नव्हती. "एक जण राबतोय आणि दुसरा बघतोय," काका म्हणाले. "घरात चालतं हे. चाकात नाही चालत."

"कोणाबद्दल बोलताय?" आतून काकूचा आवाज आला. गाळ्याच्या मागेच घर होतं.

"पॅडबद्दल!"

एरवी काका पिना काढत, घासून त्यांना नवं ग्रीस लावत, आतली रबरं बदलत आणि तोच कॅलिपर आणखी पाच वर्षं चालवत. पण मुठीच्या आत पॅडला रेटणारा जो पिस्टन, त्याला गंजानं खड्डे पाडले होते. खड्ड्यांवर नवं रबर घातलं तरी तेल झिरपणारच. डाव्या बाजूचा तर आधीच ओला झालेला. म्हणून दोन्ही नवे आणायचं ठरलं. एक नवा आणि एक जुना ठेवला की ते गाडीत बसून भांडतात, असं काकांचं म्हणणं. बाजारात फोनाफोनी करून दुपारपर्यंत नवी जोडी आली.

आता काकांची एक जन्माची सवय सांगायला हवी. ते दोन्ही बाजू एका वेळी कधीच उघडत नसत. एक बाजू खोलायची, दुसरी तशीच झाकलेली ठेवायची. काही विसरलं तर पलीकडे जाऊन बघायचं. त्या दिवशी मात्र दोन्ही डिस्कवर चरे पडलेले होते आणि ते घासून सपाट करणारा लेथवाला म्हणाला, दोन्ही एकदमच द्या, मला परत मशीन लावायला लावू नका. त्यामुळे दोन्ही बाजू उघड्या राहिल्या आणि बघायला पलीकडे काहीच उरलं नाही.

काकांनी नवे कॅलिपर टेबलावर मांडले. डावा डाव्या हाताला, उजवा उजव्या हाताला. पिनांना ग्रीस लावायला घेतलं आणि ताईचा फोन वाजला.

फोनवर काय बोलणं झालं ते मला एकाच बाजूनं ऐकू आलं. "हो, जेवलो... नाही, दुखत नाहीत बोटं... कोण म्हणालं?... तुझ्या आईला मी विचारतो ते... अगं, बावीस वर्षांची गाडी आहे, आजची नाही..." काका रागावले की एका जागी उभे राहत नाहीत. बोलत बोलत ते टेबलाला फेऱ्या मारू लागले. फोन ठेवला तेव्हा ते टेबलाच्या पलीकडे उभे होते. तिथूनच त्यांनी डाव्या हाताचा कॅलिपर उचलला, तणतणत गाडीच्या डाव्या चाकापाशी गेले आणि लावायला बसले. टेबलाच्या पलीकडून डावं ते उजवं होतं, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात ताई होती. माझ्याही ध्यानात आलं नाही, कारण मी चहा पीत होतो.

आणि कॅलिपर बसले! त्या गाडीत बाजू उलट झाली तरी बोल्ट बरोबर भोकात जातात. बनवणाऱ्यानं तेवढी एक खोडी करून ठेवलेली.

मग हवा काढायचं काम. नळीत तेलाबरोबर हवा राहिली, तर पॅडल नुसतं दबतं, मूठ आवळत नाही. हे काम दोघांचं. काकू आमटीचा गॅस बारीक करून आली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली. काका चाकापाशी, कॅलिपरच्या निपलला, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडायच्या बोंडाला, पाना लावून.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

निपल उघडायचा, तेल बाटलीत पडायचं, निपल बंद. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. पस्तीस वर्षं त्या दोघांचं सर्वांत शांत संभाषण हेच होतं. तेल स्वच्छ येत होतं, एक बुडबुडा नाही. काका खूश. काकू म्हणाली, "अहो, अजून खाली जातोय हा. स्पंजवर पाय ठेवल्यासारखं लागतंय."

"पॅड नवे आहेत. दोन फेऱ्यांत बसतील."

"हवा असेल."

"बुडबुडा दिसला का एक तरी? मग?"

लेथवरून परत आलेल्या चकचकीत डिस्कवर आणि नव्या कॅलिपरांवर चाकं चढली. काकू शेजारच्या सीटवर येऊन बसली, चपला काढल्या. मी मागे. गाडी उताराला लागली, अगदी हळू. काकांनी ब्रेक दाबला, गाडी पुढे गेली, मग थांबली. वखार अजून बरीच लांब होती.

काकू म्हणाली, "दोनदा दाबलात."

"एकदाच."

"गुडघा दोनदा वर आला."

"अगं, पहिल्यांदा जरा..."

"पहिल्यांदा लागलाच नाही. तुम्हाला ठाऊक होतं." तिनं चपला पायात घातल्या. "मी उतरते."

आणि ती उतरली. दार लावलं, अगदी हळू, आणि चढ चढून चालत निघाली.

काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मी मूर्खासारखं म्हटलं, "हँडब्रेक ओढू का?" ते म्हणाले, "ओढलाय." वर सीटकव्हरवाला ओरडून विचारत होता, "काय इन्स्पेक्टरबाई, आज पायी?" आणि काकूचा आवाज आला, "बसून बसून पाय आखडले, मोकळे करतेय. तू शिलाई सरळ मार."

गाडी परत जॅकवर चढली. काकांनी मला पॅडलवर बसवून आणखी दोनदा हवा काढली. तेलाची नवी बाटली फोडली. नळ्या बघितल्या, जोड बघितले. मग पॅडलच्या मागून तेल रेटणाऱ्या मोठ्या सिलिंडरवर संशय घेतला, तो खोलायला पाना लावला, पुन्हा काढला. शेवटी पाना चादरीवर त्याच्या जागी ठेवून ते म्हणाले, "एवढी गाडी नीट करून देतो. दुसऱ्याकडून करून घ्यावी लागली तरी चालेल. मग शटर ओढायचं. मी बोललो होतो."

"बोलला होतात," काकू म्हणाली. ती पदार्थ करपल्यासारखं तोंड करून दारात उभी होती. "पण आधी हवा काढा."

"तीनदा काढली."

"चौथ्यांदा काढा. मी बसते."

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दार उघडं ठेवून. काका चाकापाशी. दाब. धर. सोड. दाब. धर. मध्येच काकू बाहेर वाकून म्हणाली, "अहो, आज तुमचं टक्कल दिसत नाहीये."

"ही काय चेष्टा करायची वेळ आहे?"

"चेष्टा नाही. इतकी वर्षं हवा काढताना मला इथून तुमचं टक्कल दिसतं. तेवढंच तर दिसतं. आज नुसती पाठ दिसतेय. एवढं जमिनीला नाक लावून का करताय?"

"निपल खाली आहे म्हणून—"

काका थांबले. पाना हातात तसाच. मग ते सावकाश खाली बसले, ऑइलच्या रिकाम्या डब्यावर, आणि कॅलिपरकडे बघत राहिले, जसं आपण आपलं समजून चुकून दुसऱ्याच्याच घराचं दार वाजवल्यावर बघतो.

हवा वर जाते. चहाच्या भांड्यातही वर येते. म्हणून निपल नेहमी कॅलिपरच्या वरच्या टोकाला असतो. उजवा कॅलिपर डावीकडे लावला की तो उलटा होतो, आणि निपल जातो खाली. मग खालून स्वच्छ तेल येत राहतं, आणि हवा वरच्या कोपऱ्यात निवांत बसून राहते. चार काय, चाळीस वेळा काढली असती तरी ती बाहेर आली नसती.

काकूनं चष्मा लावून कॅलिपरच्या लोखंडावर मुंगीएवढं कोरलेलं अक्षर वाचलं. "हा उजवा आहे हो."

"ठाऊक आहे."

"आता ठाऊक आहे."

अदलाबदल करायला अर्धा तास लागला. या वेळी निपल उघडल्याबरोबर नळीतून फसफसत बुडबुडे आले, इतके की मला सोड्याची बाटली आठवली. सहाव्या खेपेला काकू म्हणाली, "आता दगड." पॅडल दगडासारखं झालं होतं. पुन्हा उतार. या वेळी मी मागे बसून फक्त काकांचा गुडघा बघत होतो. तो एकदाच वर आला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि काकू म्हणाली, "सरळ."

पाच वाजता ग्रंथपालबाई आल्या. गाडी घासूनपुसून तयार होती. किल्ली घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तर काकांनी किल्ली मुठीत धरून ठेवली. "आधी ऐका. माझ्या हातून दोन्ही बाजू उलट्या लागल्या होत्या. दुपारी ब्रेक लागत नव्हता. आता लागतो. पण तुम्हाला दुसऱ्या कोणाला दाखवून घ्यायचं असेल तर घ्या."

बाईंनी काकांकडे पाहिलं, मग काकूकडे. "तुम्ही बसला होतात का हो?"

"बसले होते. दुसऱ्यांदा," काकू म्हणाली.

"मग मी कशाला दाखवतेय दुसऱ्या कोणाला," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे तिसरा खंड दुसऱ्याच्या जागी गेला की दहा वर्षं सापडायचा नाही. तुमचं एका दुपारीत निघालं." आणि गेल्या.

काका मात्र ऐकायला तयार नव्हते. हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि स्वतःहून ताईला फोन लावला. स्पीकरवर, कारण ओल्या बोटांनी त्यांना दुसरं बटण सापडलं नाही.

"तुझी आई आज उतरली," ते म्हणाले. प्रस्तावना वगैरे काही नाही.

मग ताई म्हणाली, "बाबा, लागलं का कोणाला?"

"नाही. पण उतरली. मी बोललो होतो तुला. उद्यापासून—"

"द्या इकडे तो," काकूनं फोन ओढला. "हे बघ, मी उतरले. खोटं नाही. ब्रेक मऊ होता, ह्यांनी माझ्यापासून लपवला, म्हणून उतरले. मग आम्ही शोधला. उतरले म्हणून तर शोधला."

"आई, पण बाबांनीच सांगितलं होतं ना, तू उतरलीस तर—"

"त्यांनी मला विचारून सांगितलं होतं का? मी त्यांच्या शेजारी बसते ते काय हवा खायला? ज्या दिवशी मला कळूनही मी गप्प बसून राहीन, त्या दिवशी बंद करायचं. आणि ते मी सांगेन तुला, तुझे बाबा नाही. त्यांना टेबलाच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत हेही कळत नाही फोनवर बोलताना." मग थोडं थांबून, "आणि तू कामाच्या वेळी फोन करत जाऊ नकोस."

"म्हणजे चूक माझी?" ताई ओरडली.

"थोडी," काका लांबून म्हणाले.

"तुम्ही दोघं एकमेकांना सामील आहात!" ताईनं फोन आपटला. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, पण ती आपटल्यासारखा ठेवते.

काका बराच वेळ शटरची साखळी हातात घेऊन उभे होते. ओढली, पण रोजच्यासारखी, कडीला कुलूप न घालता. काकू आत जाता जाता म्हणाली, "जेवायला या. आमटी लागलीय बुडाला. ब्रेकमुळे." त्यांनी भाजीतल्या मिठाबद्दल त्या रात्री वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पोवाला आला. मागचा डावा ब्रेक अडकतोय म्हणाला, लवकर करून द्या, माल पोचवायचाय. काकांनी चाक काढलं, सगळं उलगडलं, नवी रबरं घातली. मग चाक परत चढवायच्या आधी हात पुसून ते बाजूला झाले.

"काय झालं?" टेम्पोवाला म्हणाला. "लावा की."

"मॅडम आंघोळीला गेल्यात," काका म्हणाले. "त्यांनी आधी आत डोकावून बघायचं. मग चाक. नवीन पद्धत आहे."

"कधीपासून?"

काका घराच्या दाराकडे बघून म्हणाले, "बरीच वर्षं झाली. चहा घ्या तोवर."